पायाखालचा अंधार : जेजू बेटावरील लाव्हा-गुहा आणि त्यांचा शोध

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुहा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे उभी राहतात. ती लेणी माणसाने छिन्नी-हातोडा घेऊन, पिढ्यान्‌पिढ्या खपून काळ्या कातळात कोरली. आज आम्ही ज्या गुहांविषयी बोलणार आहोत त्या कोणीही कोरलेल्या नाहीत. ज्वालामुखीतून निघालेला तप्त रस वाहता वाहता ज्या पोकळ्या मागे ठेवून गेला, त्या या गुहा होत. दक्षिण कोरियाच्या जेजू नावाच्या बेटावर त्या पुष्कळ आहेत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध गुहेचा शोध एका खेड्यातील प्राथमिक शिक्षकाने आपल्या वर्गातील मुलांना बरोबर घेऊन लावला. आम्ही स्वतः शिक्षकी पेशातील असल्यामुळे ही हकिगत आम्हांला फार जवळची वाटते आणि म्हणूनच ती आपल्यापुढे मांडावी असे वाटले.

दगडाची नळी कशी तयार होते?

प्रथम या गुहा बनतात कशा ते पाहू. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. काहिलीतला उकळता पाक ओतला की हवा लागते तिथे, म्हणजे कडेला आणि वर, तो आधी धरतो. आतला पाक मात्र बराच वेळ गरम व पातळ राहतो. लाव्हारसाचे असेच होते. बसाल्ट जातीचा लाव्हारस बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसच्या घरात असते. तो उतारावरून ओढ्यासारखा वाहू लागतो. वरचा थर हवेने थंड होऊन त्याची साल बनते, दोन्ही काठ घट्ट होतात आणि पाहता पाहता त्या ओढ्यावर दगडी छप्पर चढते.

हे छप्पर पांघरुणासारखे काम करते. आतील रसाची उष्णता बाहेर जात नाही. हवाई बेटांवर झालेल्या मोजमापांत असे दिसले आहे की अशा नळीतून वाहताना लाव्हारस एका किलोमीटरला जेमतेम एखादा अंश थंड होतो. म्हणूनच तो ज्वालामुखीच्या मुखापासून मैलोगणती लांब जाऊ शकतो. पुढे ज्वालामुखी शांत झाला की वरून येणारा रस थांबतो, नळीत उरलेला रस उतारावरून निघून जातो आणि मागे रिकामा बोगदा राहतो. कुठे कुठे त्याचे छप्पर कोसळते आणि जमिनीत विवर पडते. माणसाला आत शिरायला वाट मिळते ती बहुधा या विवरांतूनच.

अशा गुहा हवाई, आइसलँड, केनिया, ऑस्ट्रेलिया अशा अनेक ठिकाणी आहेत. आजवर मोजलेल्यांपैकी सर्वांत लांब लाव्हा-गुहा हवाईतील काझुमुरा ही असून ती ६५ किलोमीटरांहून अधिक लांब आहे. इतकेच काय, चंद्रावरही अशा नळ्या असल्याची चिन्हे आहेत. आपल्या ‘चांद्रयान-१’ ने पाठवलेल्या छायाचित्रांवरून भारतीय शास्त्रज्ञांनी २०११ साली चंद्रावरच्या अशाच एका न कोसळलेल्या नळीची नोंद प्रसिद्ध केली. पण आज आपल्याला चंद्रावर जायचे नाही. आपण जेजूला जाऊ.

ज्वालामुखीने घडवलेले बेट

जेजू हे कोरियाच्या दक्षिणेला समुद्रात असलेले बेट. क्षेत्रफळ सुमारे १,८५० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी होतात त्याच्या साधारण तिप्पट. मधोमध हाल्लासान हा १,९४७ मीटर उंचीचा पर्वत आणि त्याच्या भोवती सुमारे ३६० लहान लहान ज्वालामुखी टेकड्या. तिकडच्या बोलीत या टेकड्यांना ‘ओरुम’ म्हणतात. सारे बेटच लाव्हारसाचे. खडक सच्छिद्र असल्यामुळे पडलेला पाऊस आत मुरतो आणि समुद्रकाठी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. त्यामुळे मोठी गावे किनाऱ्याला वसली. डोंगराच्या कुशीतील वाड्या-वस्त्या तळ्या-डबक्यांच्या पाण्यावर जगल्या.

या टेकड्यांपैकी गोमुनोरुम नावाच्या एका टेकडीतून निघालेला लाव्हारस ईशान्येकडे सुमारे १३ किलोमीटर वाहत थेट समुद्राला भिडला. या वाटेवर एकामागून एक गुहा तयार झाल्या. त्यांत मांजांगगुल ही सर्वांत मोठी. ‘गुल’ म्हणजे कोरियन भाषेत गुहा. तिची लांबी सुमारे ७.४ किलोमीटर असून काही ठिकाणी तिची उंची वीस मीटरांहून जास्त आहे. पाच-सहा मजली इमारत उभी राहील एवढी पोकळी गावाच्या शेतांखाली आणि रानाखाली पसरलेली होती. माणसे वर पेरणी-कापणी करीत होती, गुरे चारीत होती आणि पायाखाली काय आहे याची कुणाला पुरती कल्पना नव्हती.

भयाची गोष्ट

कल्पना का नव्हती? विवरांची तोंडे तर गावकऱ्यांना ठाऊक होती. पण अंधाऱ्या जागेत माणसाच्या आधी भीती शिरते. मांजांगगुलच्या शेजारीच गिम्न्योंग गावाच्या नावाची एक गुहा आहे. एके काळी ती मांजांगगुलचाच भाग होती. छप्पर कोसळल्यामुळे ती वेगळी झाली. तिला लोक ‘सापाची गुहा’ म्हणत. दंतकथा अशी की, या गुहेत एक महाकाय सर्प राहत असे आणि दरवर्षी त्याला एक कोवळी मुलगी बळी द्यावी लागे. बळी दिला नाही तर तो शेतांची नासधूस करी. १५१५ साली सॉ र्योन नावाचा एक तरुण न्यायाधिकारी तेथे आला. बळीची प्रथा ऐकून तो संतापला आणि सैनिकांना घेऊन त्याने त्या सर्पाला ठार केले, अशी ही कथा आहे. तिकडे या अधिकाऱ्याचे स्मारकही आहे.

सर्पाची गोष्ट खरी मानायचे कारण नाही. नागमोडी वळणे घेत जमिनीत जाणारी ती काळी गुहा पाहून कुणालाही साप आठवावा. पण या कथेतील एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावी. गुहेच्या तोंडाशी उभे राहून नवस बोलणारे पुष्कळ असतात. आत जाऊन पाहणारा एखादाच निघतो. आणि भीतीचा बळी नेहमी घरातील सर्वांत दुबळा जीव ठरतो. येथे ती एक मुलगी होती.

तीस मुले आणि एक गुरुजी

आता मूळ हकिगतीकडे येऊ. १९४५ साली कोरिया जपानच्या सत्तेतून मुक्त झाला. त्यानंतर वर्षभराने, म्हणजे १९४६ साली, गिम्न्योंग येथील प्राथमिक शाळेत बू जोंग-ह्यू नावाचे एक तरुण शिक्षक होते. वय अवघे विशीचे. झाडे-झुडपे, डोंगर, खडक यांचा त्यांना विलक्षण नाद. पुढे हाल्लासान पर्वतावरील वनस्पतींचे अभ्यासक म्हणूनही त्यांनी नाव मिळवले. या गुरुजींनी ठरवले की, आपल्या गावाखालची गुहा किती लांब जाते ते पाहायचेच.

मदतीला कोण? विद्यापीठ नाही, सरकारी खाते नाही, पैसा नाही. होती ती शाळेतील वरच्या वर्गातील तीसएक मुले. गुरुजींनी या मुलांचे गट पाडले. काहींनी मशाली धरायच्या, काहींनी तेल आणि लागणारे सामान वाहायचे, काहींनी अंतर मोजायचे आणि काहींनी पाहिलेले लिहून ठेवायचे. मुलांच्या पायांत धड जोडेही नव्हते; गवताच्या दोरीने विणलेल्या वहाणा घालून ही मुले धारदार दगडांवरून चालली. आज गुहेत उतरणारे लोक डोक्यावर शिरस्त्राण घालतात, प्रत्येकाजवळ तीन-तीन दिवे ठेवतात आणि बाहेर एक माणूस बसवून कधी परतणार ते सांगून जातात. या मुलांजवळ मशाली होत्या आणि एकमेकांची सोबत होती.

एका दिवसात हे काम झाले नाही. पुन्हा पुन्हा आत जाऊन, दर वेळी थोडे पुढे सरकत, १९४७ मध्ये त्यांनी गुहेचे दुसरे टोक गाठले. तेथे वरून उजेड येत होता. आतून माप घेत आल्यामुळे हे टोक जमिनीवरच्या कोणत्या विवराशी जुळते हे त्यांना ठरवता आले. त्या विवराला स्थानिक लोक ज्या नावाने ओळखत, त्यावरूनच ‘मांजांगगुल’ हे नाव रूढ झाले.

मित्रहो, या मोहिमेत आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कामाची वाटणी. नुसते धाडस केले असते तर ती मुले आत हिंडून आली असती आणि चार दिवस गावात गप्पा झाल्या असत्या. त्यांनी मोजले आणि लिहिले, म्हणून तो शोध झाला. मोजणारा आणि लिहिणारा यांच्यावाचून मशालीच्या उजेडाचा उपयोग त्या क्षणापुरताच राहतो.

आत काय दिसले?

या गुहेत दगडाने आपली कहाणी स्वतःच लिहून ठेवली आहे. दोन्ही भिंतींवर आडव्या रेषा दिसतात. नदीचा पूर ओसरताना घाटाच्या पायऱ्यांवर जशा पाण्याच्या खुणा राहतात तशाच या. लाव्हारसाची पातळी टप्प्याटप्प्याने कशी उतरत गेली ते त्यांवरून कळते. जमिनीवर कुठे दोरखंडाच्या वळ्यांसारख्या सुरकुत्या आहेत. एके ठिकाणी वाहत आलेला खडकाचा तुकडा तिथेच थिजला असून त्याचा आकार कासवासारखा दिसतो. छतावरून अर्धवट वितळलेल्या दगडाची टोके लोंबतात. आणखी आत लाव्हारसाचा एक स्तंभ आहे. छताला पडलेल्या भोकातून वरच्या मजल्यावरचा रस खाली सांडत राहिला, थिजत राहिला आणि त्याचा ७.६ मीटर उंचीचा खांब बनला. या जातीच्या खांबांत तो जगातील सर्वांत मोठ्यांपैकी मानला जातो. याशिवाय या अंधारात वटवाघळांच्या मोठ्या वसाहती आहेत.

१९६२ साली कोरियन सरकारने या गुहेला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. पुढेही शोध चालूच राहिले आणि तेही साध्या माणसांच्या हातून. १९९५ साली एक शेतकरी आपली जमीन सपाट करीत असता त्याला दांगचोमुल ही गुहा सापडली. २००५ साली विजेच्या खांबासाठी खड्डा घेताना योंगचॉन ही गुहा उघडी पडली. या दोन गुहा पाहून शास्त्रज्ञही थक्क झाले. लाव्हा-गुहा काळी असते. पण येथे छतापासून जमिनीपर्यंत पांढरेशुभ्र लोलक आणि खांब आहेत. कारण असे की, वरच्या जमिनीवर शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू आहे. पावसाच्या पाण्यात त्यातील चुना विरघळतो, फटींतून खाली झिरपतो आणि गुहेत पुन्हा थिजतो. योंगचॉन गुहेच्या टोकाला सुमारे ८०० मीटर लांबीचे भूमिगत तळे आहे. तेथे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुमाराची मातीची भांडी मिळाली. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी हातात उजेड घेऊन तेथवर गेले होते. ते कोण आणि कशासाठी गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही. लिहून न ठेवलेले ज्ञान असे हरवते.

गुहेतील माणसे

येथवरची हकिगत आनंदाची आहे. पण जेजूच्या गुहांविषयी बोलून येथेच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मांजांगगुलचे टोक मुलांनी गाठले त्याच वर्षी, १ मार्च १९४७ रोजी, बेटावर पोलिसांनी जमावावर गोळीबार केला आणि सहा माणसे मेली. ३ एप्रिल १९४८ रोजी सशस्त्र उठाव झाला. तो मोडून काढण्यासाठी जी कारवाई झाली तिच्यात उठावाशी काहीही संबंध नसलेली गावेच्या गावे भरडली गेली. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरांपेक्षा आत जो सापडेल त्याला शत्रू समजले जाईल, असे फर्मान निघाले. डोंगराच्या कुशीतील वस्त्या जाळण्यात आल्या. १९५४ पर्यंत चाललेल्या या प्रकारात २५ ते ३० हजार माणसे मेली असावीत असा अंदाज आहे. बेटाच्या लोकसंख्येचा तो सुमारे दहावा हिस्सा होता.

घरे जळाली तेव्हा लोक कोठे गेले? ते या लाव्हा-गुहांत शिरले. म्हातारी माणसे, बाया, कडेवरची मुले. दारांगशी नावाच्या टेकडीजवळ एक लहानशी गुहा आहे. तिचे तोंड इतके अरुंद की सरपटतच आत जावे लागे. १८ डिसेंबर १९४८ रोजी कारवाई करणाऱ्यांनी तिच्या तोंडाशी आग लावली. आत लपलेली अकरा माणसे धुराने गुदमरून मेली. त्यांत तीन स्त्रिया होत्या आणि नऊ वर्षांचे एक मूल होते. मांजांगगुलमध्ये मशाली घेऊन गेलेल्या मुलांपेक्षाही ते लहान होते, आणि दोन्ही गुहा एकाच तालुक्याएवढ्या मुलखातील आहेत.

पुढे अनेक दशके याविषयी बोलण्याचीही चोरी होती. १९९२ साली स्थानिक अभ्यासकांनी या गुहेतील अस्थी जगापुढे आणल्या. अस्थींच्या भोवती त्यांची स्वयंपाकाची भांडी तशीच पडलेली होती. त्याच वर्षी अस्थींचे दहन करून राख समुद्रात सोडण्यात आली आणि गुहेचे तोंड बुजवले गेले. पण जे बाहेर आले ते पुन्हा आत गेले नाही. २००० साली सत्यशोधनासाठी खास कायदा झाला. २००३ साली राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांनी शासनाच्या वतीने जेजूच्या जनतेची जाहीर माफी मागितली. २०२५ साली या घटनेचे दप्तर युनेस्कोच्या जागतिक स्मृती-नोंदवहीत दाखल झाले.

एक गुहा निसर्गाचे नवल म्हणून उघडली गेली, दुसरी माणसाच्या क्रौर्याची साक्ष म्हणून. दोन्ही ठिकाणी काम एकच होते. आत जायचे, जे आहे ते नीट पाहायचे, मोजायचे, लिहायचे आणि बाहेर येऊन सांगायचे. पहिल्या गुहेत भीती काल्पनिक सर्पाची होती. दुसरीत ती जिवंत माणसांची होती आणि म्हणून तेथे अधिक धैर्य लागले.

उघडणे आणि जपणे

२००७ साली हाल्लासान पर्वत आणि ही गुहामालिका युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. एवढे नाव झाल्यावर सगळ्या गुहा पर्यटकांना खुल्या करून पैसा मिळवता आला असता. तसे केले नाही. मांजांगगुलच्या ७.४ किलोमीटरांपैकी फक्त सुमारे एक किलोमीटर लोकांसाठी ठेवण्यात आला. दांगचोमुल आणि योंगचॉन या तर लोकांसाठी उघडल्याच नाहीत. माणसांच्या वर्दळीने आतील हवा, ओल आणि तापमान बिघडले तर हजारो वर्षांत साठलेले चुन्याचे लोलक खराब होतील, हे ओळखून तो निर्णय झाला. २०२३ च्या अखेरीस मांजांगगुलच्या प्रवेशद्वाराजवळ दगड कोसळले, तेव्हा गुहा बंद करून सुरक्षिततेचे काम हाती घेण्यात आले. ज्याचा शोध लावला ते सांभाळण्याची जबाबदारीही आपल्यावर येते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आपल्या पायाखाली

आता थोडे आपल्या भूमीकडे वळू. महाराष्ट्राचा बहुतेक भाग अशाच लाव्हारसाने बनलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचत हा दख्खनचा पाषाण तयार झाला आणि आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. जेजूचे खडक त्या मानाने अगदी कालचे. महाराष्ट्रातही काही ठिकाणी लाव्हा-नळ्यांच्या व पाटांच्या खुणा असल्याचे भूवैज्ञानिकांनी नोंदले आहे, त्यांवर त्यांच्यात मतभेदही आहेत. पण आपल्याकडे लाव्हारसाने जी पोकळी ठेवली नाही ती आपल्या पूर्वजांनी हातांनी केली. अजिंठ्याची लेणी याच बसाल्टमध्ये आहेत. १८१९ साली एका इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली आणि ‘अजिंठ्याचा शोध लागला’ असे पुस्तकांत लिहिले गेले. त्या रानात वावरणाऱ्या लोकांना ती आधीपासून ठाऊक होती. पण त्यांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत. जेजूच्या मुलांच्या हातात वही होती, म्हणून तेथील शोध तेथील शाळेच्या नावावर राहिला आणि गुहेजवळ गुरुजी व मुलांचे स्मारक उभे राहिले.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे. लेण्यांच्या सहलीला जाल तेव्हा डबा आणि कॅमेऱ्याबरोबर एक वही आणि मोजपट्टी न्या. भिंतीचा दगड पाहा, त्यातील बारीक छिद्रे आणि पांढरे स्फटिक पाहा. ते कुठून आले ते विचारा. आपल्या गावची जुनी विहीर, बारव, पडके टाके, डोंगरातील विवर, वस्तीची जुनी हद्द यांची मापे घ्या आणि नोंद करा. खोल विवरात मात्र जाणत्या माणसांशिवाय उतरू नका आणि भिंतींवर आपले नाव कोरू नका. घरातील वृद्धांना बसवून त्यांनी काय पाहिले, काय सोसले ते लिहून घ्या. कारण तीही एक न मोजलेली गुहाच आहे आणि तिचे तोंड एक दिवस कायमचे बुजते.

बू जोंग-ह्यू गुरुजी १९८० साली वारले. त्यांच्या वर्गात तीस मुले होती. आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत आज त्याहून अधिक मुले-मुली बसतात. मशाल, माप आणि वही, या तीन गोष्टी त्यांच्या हाती देणे हे आपणा थोरांचे काम आहे. ते आपण करू या, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम.